अक्काच्या दमट चादरी

अक्काने मशीनमधून चादर ओढून काढली, गालाला लावून पाहिली आणि मशीनला एक सणसणीत लाथ हाणली. चादर गरम होती, पण दमट. दुपारभर घरघर करून त्या मेल्या मशीनने शेवटी दिलं काय, तर वाफाळलेला, आंबूस वासाचा बोळा.

"वाळवतंय म्हणे! उकडून देतंय, उकडून!" ती ओरडली. ऐकायला घरात फक्त आई होती, आणि आईला पलंगावरून उठता येत नव्हतं.

अक्काचं पूर्वी बाजारात शिवणाचं दुकान होतं. आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तिने दुकानाला कुलूप घातलं आणि शिवणयंत्र आईच्या पलंगाशेजारी आणून ठेवलं. लग्न तिने केलंच नव्हतं. "माझ्याशी भांडायला एक माणूस पुरला नसता," असं तीच सांगायची. इमारतीतली पोरं तिला पाठीमागे 'प्रेशर कुकर' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आईची चादर दिवसातून दोन-तीनदा बदलावी लागे. आधी खिडकीतल्या दोरीवर सगळं वाळायचं. मग समोर ती ढब्बू इमारत उठली आणि घरातलं ऊन गेलं ते गेलंच. तेव्हा धाकट्या भावाने हे मशीन पाठवलं. धुणारं आणि वाळवणारंही, एकाच पोटात दोन्ही. स्वतः आला नाही, मशीन पाठवलं. अक्काला तेच झोंबलं होतं.

आणि आता आईच्या कमरेखाली लाल चट्टा उठला होता. तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "अंथरूण कोरडं हवं. असंच ओलं राहिलं तर ही कातडी फाटेल. मग घरी निभणार नाही." भाऊ तर त्याचीच वाट बघत असल्यासारखा. फोनवर म्हणाला, "अक्का, इथल्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी होतेय. मी बोलून ठेवलंय. तुला झेपत नसेल तर..."

"मला काय झेपतं ते मी बघेन! तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाक!" तिने फोन आपटला. पण फोन आपटून चट्टा थोडाच जाणार होता?

तिने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. मशीनच्या खालची जाळी काढून ब्रशने घासली. आत आईच्या गाऊनचं एक बटण आणि मूठभर धागे सापडले. दोन चादरींऐवजी एकच घालून पाहिली. वाळवायचा वेळ वाढवला. शेवटी कंपनीला फोन लावला. तिकडून एक मुलगी पाठ केल्यासारखं विचारायला लागली, "मॅडम, कपडे वाळत असताना पाण्याचा पुरवठा चालू असतो का?"

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वाळवायला पाणी लागतं? तू घरी कपडे वाळत घालतेस आणि वरून बादली ओततेस का?"

मुलगी काहीतरी समजावू पाहत होती, पण अक्काच्या तोंडाचा पट्टा सुटला की मध्ये घुसायची कुणाची टाप? बिचारी शेवटी एवढंच म्हणाली, "मेकॅनिक पाठवते."

मेकॅनिक आला. त्याने मशीन पुढे ओढलं, पाइप काढून पुन्हा जोडला, नळ सोडला, मशीन लावलं आणि समोर स्टुलावर ठिय्या मारला. अक्का कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाह्या उसवत त्याच्यावर डोळे वटारून बसली. आई औषध घेऊन गाढ झोपली होती. आणि काय सांगावं, चादर निघाली ती खडखडीत वाळलेली!

"काकू, मशीन एकदम उत्तम आहे."

"परक्यासमोर शहाण्यासारखं वागतं आणि घरच्यांना छळतं," अक्का फणकारली. "ज्याने पाठवलं ना, अगदी त्याच्या वळणावर गेलंय."

दुसऱ्या दिवशी चादर पुन्हा दमट. ती लाथ बसली ती तेव्हाच. अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने भावाला फोन लावला. "ये आणि तुझं हे धूड घेऊन जा! मला सगळं कळतं रे. आई ओली राहावी, तिची पाठ फाटावी आणि तू तिला त्या खाटेवर नेऊन टाकावीस, म्हणूनच पाठवलंस ना हे?"

 मग भाऊ म्हणाला, "येतो."

सकाळी आला. "बूट बाहेर काढ," एवढंच स्वागत झालं. तो आईपाशी जाऊन बसला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या झटक्यात तिचे सगळे शब्द गेले होते, फक्त एक उरला होता: नळ. एकेकाळी घरातला नळ उघडा राहिला, खालच्या बिऱ्हाडाचं छत गळलं आणि घरमालकाने सामान रस्त्यावर काढायची धमकी दिली. तेव्हापासून "नळ बंद केलास का?" हा धोशा तिने दोन्ही पोरांच्या मागे जन्मभर लावला होता.

अक्काने चादर घालून मशीन सुरू केलं. धुऊन झालं, पिळून झालं, आवाज बदलला, वाळवण सुरू झाली.

"नळ," आई म्हणाली.

"हो गं बाई, करते." अक्का उठली, मशीनचा नळ कर्रकन पिळून बंद केला आणि परत शिवायला बसली. रोजचंच होतं ते. फक्त आई झोपली असली तरच चुकायचं.

भावाची मान वर झाली. "अक्का, आत्ता पाइपातून पाणी जात होतं. नळ का बंद केलास?"

"धुणं संपलं. आता पाणी काय चाटायला?"

तो उठला आणि त्याने नळ परत सोडला. पाइपात बारीक सुरसुर सुरू झाली. "बघ, घेतंय. अगं, बर्फाच्या कारखान्यात हाडं झिजली माझी. आतल्या वाफेला गार पाणी मिळालं तरच तिचं पाणी होऊन बाहेर जाईल. नाहीतर ती जाणार कुठे? परत चादरीतच मुरणार."

अक्काच्या हातातली सुई तशीच राहिली. मेकॅनिक आला त्या दिवशी आई झोपली होती. नळ बंद कर म्हणायला कुणी जागंच नव्हतं. आणि फोनवरची ती पोरगी हेच तर विचारत होती! म्हणजे आईची पाठ रोज आपणच, आपल्या या हातांनी, ओली ठेवली. अक्काची कानशिलं तापली. एवढा राग आता कुणावर काढायचा?

"एवढं कळतं तर आधी यायला काय धाड भरली होती रे तुला?"

"चुकलंच माझं," भाऊ म्हणाला.

"नळ," आई पुन्हा म्हणाली.

अक्का सवयीने उठली आणि नळापाशी जाऊन थबकली. आईशी ती जन्मभर भांडली होती, पण खोटं कधी बोलली नव्हती. "केला गं बंद," ती म्हणाली.

पण नळ पिळल्याचा आवाज आईला ऐकू आला नव्हता. ती मान उचलायला धडपडू लागली. चालता हात पलंगाच्या कडेवर आपटू लागली. "नळ! नळ!"

भाऊ स्वयंपाकघरात गेला. तिथला नळ त्याने सोडला आणि चांगला कर्रकन पिळून बंद केला. आईचा हात थांबला.

थोड्या वेळाने चादर निघाली, कोरडी आणि ऊबदार. दोघांनी आईला कुशीवर वळवलं. अक्काने एक टोक धरलं, भावाने दुसरं ताणून गादीखाली खोचलं. एकही सुरकुती राहू दिली नाही. अक्काच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्याचाही तिला संताप येत होता.

"त्या तुझ्या शुश्रूषागृहात," ती दातओठ खात म्हणाली, "ही 'नळ' म्हणाली असती, तर कोण उठलं असतं रे?"

भाऊ जिन्यात गेला आणि खाट नको म्हणून फोन करून आला.