वरच्या मजल्यावरचा फोन

अंधेरीच्या गावठाणात एक निवृत्त बाई घरी स्पॅनिश शिकवायच्या. आम्ही दोघी त्यांच्याकडे जायचो, मी आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी माझी मैत्रीण. एका एक्स्पोर्टच्या ऑफिसला स्पॅनिश येणारी मुलगी हवीय, ही बातमी तिनेच आणली होती.

बाई सगळे अर्थ इंग्रजीत सांगायच्या. 'यामार' हे क्रियापद आलं तेव्हा म्हणाल्या, "नुसतं 'टू कॉल' लिहून थांबू नका. फोन करणं असेल तर 'टू फोन', दार वाजवणं असेल तर 'टू नॉक'. स्वतःचं नाव सांगतानाही हेच क्रियापद." मैत्रिणीचा त्यात फार गोंधळ व्हायचा. दारावर कोणी आलं की ती हटकून फोन आला असं भाषांतर करायची. जिन्यात बसून मी तिच्याकडून वाक्यं घोटून घ्यायचे.

आम्ही दोघींनी अर्ज केले. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून मी तिच्या घरचा नंबर दिला. तशी पद्धतच होती. मग रोज विचारायचे, "आला का गं फोन?"

"माझाही नाही आला," ती म्हणायची.

एका संध्याकाळी तिची आई पेढे घेऊन आमच्याकडे आली. मैत्रिणीला नोकरी लागली होती.

"तुझंही झालं असतं," काकू म्हणाल्या. "दोनदा फोन आला होता तुझ्यासाठी. पण तुला घरून परवानगी नाही ना? हिने तसं सांगितलं त्यांना."

माझी आई माझ्याकडे बघत राहिली. तिने कधीच नाही म्हटलं नव्हतं. मी पेढा हातात धरून तशीच वर गेले. मैत्रीण नव्या साडीला फॉल लावत होती.

"मला बोलावलं का नाहीस?"

तिने सुई थांबवली नाही. "जागा एकच होती. तू आली असतीस तर मला कोणी घेतलं असतं? तूच सांग."

ती रडली असती, खोटं बोलली असती, तर मला भांडता आलं असतं. तिचा हिशेब बरोबर होता, आणि तो माझ्या शेजारी पायरीवर बसून ती करत होती, हेच मला सोसेना. मी खाली आले.

मी क्लास सोडला. पुढे बोरिवलीच्या एका शाळेत लागले. ती लग्न करून घाटकोपरला गेली. काकू मात्र भेटल्या की अजून आईला म्हणायच्या, "तेव्हा परवानगी द्यायला हवी होती हो तुम्ही." आई मान हलवून ऐकून घ्यायची.