श्रावणात गेलेली होडी

मंडळी, परवा इथल्या एका कवितेखाली मी दिलेला अभिप्राय तुमच्यापैकी बऱ्याच जणांना फार आवडला होता. त्याबद्दलच लिहितोय.

कवितेत नारळी पौर्णिमेच्या आधी, ऐन श्रावणात, बाप होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. मी लिहिलं, "तेव्हा आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात. कवयित्रीने समुद्र कॅलेंडरवरच पाहिलेला दिसतो." मी देवगडचा, त्यामुळे मिजास होतीच. तिचं उत्तर एका ओळीचं होतं. "धन्यवाद सर, सुधारते."

आज सकाळी जामसंड्यात नेहमीच्या मासेवालीकडे गेलो. तिच्या मुलीने माझं नाव वाचून मला ओळखलं होतं आणि आईला सगळं वाचून दाखवलं होतं.

बांगडे पिशवीत घालता घालता ती म्हणाली, "मास्तर, माझ्या चेडवाची कविता तुमीच तपासलास मा? पुनवेआदी दर्यात कोण जाणा नाय, ह्यां खरां आसा. तिचो बापूस गेल्लो. घरात कालवणाक मासो नाय म्हणान."

रागावली नव्हती हो. रागावली असती तर बरं झालं असतं.

तसाच सायबर कॅफेत आलो. माफी मागायची म्हणून कविता उघडली, तर तिने ती खरंच सुधारली आहे. बाप आता कार्तिकात जातो. खाली तुम्ही लिहिलंय, "आता जमली!"

तुझ्या बापाला परत श्रावणात आण, हे तिला मी कुठल्या तोंडाने सांगू?