काचेवरचे पांढरे किडे

छबुबाईला आधी वाटलं, आपलेच डोळे गेले. छावणीवर कामाला निघण्याआधी ती माशांच्या पेटीची काच पुसत होती, आणि आतल्या बाजूनं पांढरा दोरा हलल्यासारखा दिसला. केसाएवढा बारीक, नखाएवढा लांब. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा वाकून पाहिलं. दोरा एक नव्हता. पुरी काचच वळवळत होती.

वडवणीच्या त्या दोन खोल्यांत ही पेटी येऊन पाच वर्षं झाली होती. छबुबाईचा नवरा उत्तरेश्वर दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायचा. जनावरं विकली जायला लागली, दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं. खुर्च्या-कपाटं लोकांनी नेली. चेअरमनच्या खोलीतली ही पेटी कोपऱ्यात तडकलेली, म्हणून तशीच राहिली. उत्तरेश्वरनं ती टेम्पोत घालून घरी आणली, एम-सील लावून तड बुजवली आणि तीन गोल्डफिश सोडले. पुढं त्याला लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं अडखळत आलं. तेव्हापासून त्याची बाज पेटीला लागूनच होती.

२०१६चा उन्हाळा. आठव्या दिवशी टँकर यायचा आणि घरटी दोन टिपाडं पाणी मिळायचं. छबुबाई विकास सोसायटीनं दुष्काळात जनावरांसाठी उघडलेल्या चारा छावणीवर शेण भरायला जायची. दिवसभर पाट्या वाहून कंबर अशी धरायची, की घरी आल्यावर चुलीपुढं बसताना भिंतीचा आधार लागायचा. त्यात आता हे किडे.

शेजारच्या मुक्ताबाईनं पाहताक्षणी नाकाला पदर लावला. "जंत हायेत बाई हे. घरात आजारी माणूस, अन् ही घाण कावून ठिवलीस? दे फेकून."

"मासे बघण्यात त्यांचा दिवस जातो," छबुबाई म्हणाली.

टँकरपाशीही बायका बोलल्याच. "माणसाला प्यायला न्हाई, अन् हिचे मासे पवायलेत." छबुबाई पाणी भरत राहिली. उत्तर द्यायचं तरी अंगात बळ लागतं.

त्याच दिवशी तिनं पेटी पूर्ण उपसली. मासे तपेल्यात काढले, खडी उकळत्या पाण्यानं धुतली, काच घासली आणि टँकरचं ताजं पाणी भरलं. पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा उग्र वास होता, पण तो रोजचाच, म्हणून तिच्या मनात काही आलं नाही. मासे सोडले तसे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सकाळी मोठा मासा आडवा तरंगत होता. उत्तरेश्वर बाजेवरून बघत होता. मग त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

आणि पंधरा दिवसांत किडे परत आले.

गोळ्या आणायला बीडला जायचंच होतं. छबुबाईनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत पेटीतलं पाणी भरून घेतलं आणि मासे विकणाऱ्या दुकानात गेली. दुकानदारानं बाटली उजेडाला धरली.

"मावशी, हे माशाला धरीत न्हाईत, माणसालाबी न्हाई. गाळातले किडे हायेत. उरलेलं अन्न कुजलं की वाढत्यात. खायला किती घालता?"

"सांजच्याला एक चिमूट."

"चिमटीनं इतके व्हत न्हाईत. कुणीतरी जास्त घालायलंय." त्यानं तीन हात नळी कापून दिली. खडीतली घाण ओढून काढायची, तीन दिवस माशांना काही द्यायचं नाही, पाणी थोडंथोडं बदलायचं आणि तेही दोन दिवस उघड्यावर ठेवलेलं. "पावडरीचं ताजं घातलं तर मरत्यात."

ती बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवरच बसली. मोठा मासा आपणच मारला. समोर एसटी लागली तरी तिला उठवेना.

दुसऱ्या दिवशी छावणीवर खाडा करून तिनं नळीचं एक टोक खडीत खुपसलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. कुजकं पाणी तोंडात आलं. ती थुंकली, नळी बादलीत सोडली. काळा गाळ यायला लागला आणि त्यात पांढरे, फुगलेले तुकडे. एक तिनं बोटांनी चुरून पाहिला. ज्वारीची भाकर होती.

"आवं, तुमी घातली का ही?"

उत्तरेश्वरनं नजर पेटीकडं वळवली.

"इचारायले मी तुमाला. माशाला भाकर कावून घालताव? किती जीव चाललाय माझा ह्याच्यापायी."

त्याचे ओठ हलले. शब्द जुळायला वेळ लागला. "घास... उतरत न्हाई. नरड्यात... अडकतो."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"तू दमून येतीस. ताटात... भाकर दिसली की... तोंड पडतं तुझं."

छबुबाईनं नळी पेटीतून काढून ठेवली. महिनाभर ती सकाळी वाढून ठेवलेलं ताट संध्याकाळी रिकामं बघून समाधानानं उचलत होती. माणूस मात्र समोर वाळत होता. ते तिला दिसलं नव्हतं, कारण घरी आल्यावर तिला काहीच दिसत नव्हतं. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला आणि मग तोही धरून ठेवायचं त्राण उरलं नाही. ती बाजेच्या कडेला बसली आणि त्याचा सुकलेला दंड नुसता चाचपत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती पातळ आंबील करायला लागली. छावणीवरच्या तात्याबा मुकादमाला म्हणाली, "दुपारी घरी जाऊन त्यांना भरवून येते. सांजच्याला तेवढं जास्त थांबते." तो कुरकुरला, पण हो म्हणाला. उन्हात जाऊन-येऊन तीन किलोमीटर. आंबीलही पहिल्यांदा ठसका लागूनच गेली. मग चमच्यानं, मान पुढं धरून, थोडी थोडी जायला लागली.

किडे पुरते गेले नाहीत. रोज तिन्हीसांजेला ती डबाभर गाळपाणी काढायची आणि चार-दोन दोरे त्यात वळवळताना दिसायचे. तिनं त्यांच्याकडं बघणं सोडून दिलं. उरलेले दोन मासे जगले. आषाढ लागला तेव्हा उत्तरेश्वर अर्धा तांब्या आंबील संपवायला लागला होता आणि छबुबाई दुपारची पायपीट करतच होती.