दत्ताराम मांडवकर कोणाचा नोकर होता?

तारखा आधी नोंदवतो. माणसाविषयी लिहू लागले की लोक तारखा विसरतात, आणि ज्यांना त्या विसरल्या जाव्यात असे वाटते त्यांचे फावते.

एप्रिल महिन्याची पहिली तारीख: दत्ताराम गंगाराम मांडवकर याच्याकडून राजीनामा लिहून घेण्यात आला आणि त्याच टेबलावर, त्याच पेनाने, पाच मिनिटांत त्याला कंत्राटदार करण्यात आले. त्यानंतर अकरा वर्षांनी, नारळी पौर्णिमेचा आदला दिवस: तुम्हाला पेन्शन बसत नाही, असे त्याला पेन्शन कार्यालयाच्या खिडकीतून सांगण्यात आले. त्याच्या पुढच्या माघातला एक बुधवार: त्यावरच्या चौकशीची शेवटची सुनावणी झाली आणि निर्णय राखून ठेवला गेला. यंदाच्या होळीनंतरचा सहावा दिवस: दत्ताराम वारला. निर्णय अद्याप राखलेलाच आहे.

जबाबदार व्यक्ती चार. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील मासळी गोठवणाऱ्या एका कारखान्याचे तत्कालीन व्यवस्थापक, त्यांचे करसल्लागार, ज्यांच्यासमोर चौकशी चालली ते अधिकारी, आणि चौथा मी, न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला. पहिल्या तिघांना मी पोचपावतीसह पत्रे पाठवली आहेत. पावत्या आल्या, उत्तरे आली नाहीत. चौथ्याला पत्र पाठवण्याची सोय नाही, म्हणून हे लिहितो आहे.

दत्ताराम लांज्याकडच्या एका आतल्या गावचा. उमेदीची वर्षे त्याने मुंबईत बर्फाच्या कारखान्यात काढली होती. वडील गेल्यावर तो परत आला, मिरजोळ्यात कंप्रेसर ऑपरेटर म्हणून लागला आणि माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागला. शनिवारी गावी, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. मी त्याला प्रथम पाहिले ते आमच्या विहिरीवरच्या पंपाशी. पंप चालू होता आणि हा अनोळखी गृहस्थ लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटारीवर टेकवून, मुठीला कान लावून डोळे मिटून उभा होता. मी खाकरलो. त्याने डोळे न उघडता बोट वर करून मला थांबवले. माझ्याच आवारात मला थांबवणारा तो पहिला माणूस. मग म्हणाला, "सायेब, बेरिंग बोलतंय. आठ दिवस काढील." पंप नवव्या दिवशी बंद पडला.

ते "बेरिंग बोलतंय" त्याला सर्वत्र लागू वाटे. शेजारच्या गुरुजींचा खोकला ऐकून तो म्हणाला, बेरिंग बोलतंय. पुलाच्या उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचे भाषण मंडपामागे उभे राहून ऐकले आणि तेच म्हणाला. माझी पत्रे मी त्याला वाचून दाखवीत असे. तिसऱ्या परिच्छेदात माझा आवाज चढला की तो हळूच स्वतःच्या कानाला हात लावी. मी ओळखून पाणी पीत असे.

कामात तो विलक्षण नेमका होता. शीतगृहाच्या कंप्रेसरचे दाब, तेलाची पातळी आणि खोलीचे तापमान दर तासाला वहीत लिहायचे, हा नियम बहुतेक ऑपरेटर शिफ्ट संपताना एकदम आठ आकडे टाकून पाळतात. दत्ताराम तासाच्या ठोक्याला उठे. समोर बांगड्याचा तुकडा आणि भात असला तरी हात धुऊन उठे. का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला की आत जी मासळी आहे ती कोणाच्या तरी बोटीची आहे. ती मेली आहे म्हणून तिची राखण करायची नाही काय?

आता त्या एप्रिलविषयी. दत्तारामच्या नोकरीला तेव्हा नऊ वर्षे आणि चार महिने झाले होते. हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. सहा महिने वा अधिक झाले की ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे त्याला आणखी दोन महिने हवे होते. पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी तिघा जुन्या ऑपरेटरांना वर बोलावले. करसल्लागारांनी फळ्यावर दोन रकाने काढले, एक नोकराचा, एक मालकाचा, म्हणजे स्वतःचा धंदा करणाऱ्याचा. नोकराच्या पगारातून निधी कापला जातो, मालकाच्या बिलातून आयकराचा किरकोळ अंश तेवढा कापला जातो आणि तोही विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. शिवाय धंद्याचा खर्च दाखवता येतो, कर वाचतो. हातात येणारी रक्कम मालकाच्या रकान्यात जास्त होती. हे गणित चुकीचे नव्हते. त्यात फक्त कारखान्याने आपल्या खिशातून भरायचा निधीचा हिस्सा नव्हता, पेन्शन नव्हती, ग्रॅच्युइटी नव्हती, भरपगारी रजा नव्हती, कामगार विम्याचे इस्पितळ नव्हते. आणि दत्तारामचे उत्पन्न इतके होते की त्याला नोकर म्हणून कर लागत नव्हता आणि मालक म्हणूनही लागला नसता. ज्याला करच नाही त्याला कर वाचवण्याचे आमिष दाखवले गेले. पुढे दरवर्षी तो विवरणपत्र भरून कापलेली रक्कम परत मिळवी आणि त्यातली बरीचशी ते भरून देणाऱ्या त्याच सल्लागारांना देई.

त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. सोबत कराराचा मसुदा होता. कारखान्याने त्याला एक रबरी शिक्काही करून दिला होता: मांडवकर रेफ्रिजरेशन सर्व्हिसेस, खाली प्रोप्रायटर, म्हणजे मालक. "सायेब, तुमी कायद्याचे. एकदा नजर घाला," तो म्हणाला. मी तेव्हा नगरपरिषदेला गटारांविषयी पत्र लिहीत होतो आणि कलमाचा क्रमांक सापडत नसल्याने चिडलो होतो. मी नजर घातली, इतकेच. त्याची सेवा किती झाली, हा एक प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर दोन महिने थांब म्हणालो असतो आणि हे लिहिण्याची वेळ आली नसती. मी त्याला फक्त आमच्या खात्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते सांगितले: कागद कोणताही असो, प्रत्येक पानावर सही आणि शिक्का पाहिजे. पेढा खाल्ला आणि गटारांकडे वळलो.

दत्ताराम मालक झाला. शिफ्ट तीच, कंप्रेसर तोच, डबा तोच. फाटकावरचा रखवालदार त्याला सलाम ठोकून विचारी, "काय मालक, गाडी खंय लावलीत?" तोही रांगेतून एसटीकडे बोट दाखवून म्हणे, ड्रायव्हर ठेवलाय, लाल गाडी हाय. मात्र मालक झाल्यापासून गणपतीत गावी जायचे तर बदली माणूस स्वतः शोधून त्याची मजुरी स्वतः द्यावी लागे. एका वर्षी गौरी आल्या होत्या त्या दिवशी कंप्रेसरच्या अमोनिया वायूची गळती झाली. व्यवस्थापकांनी गावी फोन केला. तो आरती सोडून निघाला, मिळेल त्या वाहनाने आला, तोंडाला ओला पंचा बांधून आत शिरला आणि व्हॉल्व्ह बंद केला. महिनाअखेरीस त्याच्या बिलातून त्या दिवशीचे सकाळचे चार तास वजा झाले, कारण बदली माणूस पळून गेला होता आणि बदली माणसाची जबाबदारी कंत्राटदाराची. गावाहून आलेल्या सुलोचनावहिनी, त्याची पत्नी, आमच्या पडवीत बसून म्हणाल्या, "रजा नाय, बोनस नाय, वर दुसऱ्याची मजुरी खिशातनं. मंग मालक व्हऊन केलंनी काय यांनी?" दत्ताराम हसला. म्हणाला, शिक्का हाय ना माझ्याकडं. आणि त्याने तिच्या पिशवीवर शिक्का मारून दाखवला.

तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला तेव्हा कारखान्याने कराराचे नूतनीकरण केले नाही. तो पेन्शनची चौकशी करायला गेला, आणि मग खिडकीतले ते उत्तर. त्या दिवशी मी प्रथम कागद पुढे घेऊन त्याच्या सेवेचे महिने बोटांवर मोजले. रात्रभर घरात फेऱ्या घातल्या. सकाळी त्याच कार्यालयाकडे चौकशीचा अर्ज लिहायला बसलो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला मसुदा होता असे आजही म्हणतो. यंत्र कारखान्याचे, हत्यारे कारखान्याची, वेळ कारखान्याने ठरवलेली, हुकूम व्यवस्थापकांचा, दुसरे गिऱ्हाईक एकही नाही. असा माणूस स्वतंत्र धंदा करतो असे कागदावर लिहिले तरी तो नोकरच राहतो. ती अकरा वर्षे सोडाच, त्यांतले पहिले दोन महिने नोकरीत धरले तरी पेन्शन उभी राहत होती. पुरावा म्हणून मी दर तासाच्या नोंदींच्या वह्या मागवल्या. कंप्रेसरजवळ अकरा वर्षे ठाण मांडून बसलेला माणूस त्या वह्यांतून आपोआप सिद्ध होईल, अशी माझी खात्री होती.

माघातल्या त्या बुधवारी कारखान्याच्या वकिलांनी दत्तारामच्या शिफ्टच्या वह्या आणल्या. टेबलावर रचल्या. उघडल्या. पहिल्या पानावर शिक्का. दुसऱ्या पानावर शिक्का. अकरा वर्षांच्या प्रत्येक पानावर, तळाशी उजवीकडे, एकाही ठिकाणी वाकडा नाही: मांडवकर रेफ्रिजरेशन सर्व्हिसेस, प्रोप्रायटर. कारखान्याच्या वहीवर ऑपरेटरने आपला शिक्का मारण्याची मुळीच गरज नव्हती. त्याच्याबरोबर कंत्राटदार झालेल्या इतर दोघा ऑपरेटरांनी कधी मारला नव्हता. वकील म्हणाले, नोकर मालकाच्या वहीवर आपल्या धंद्याचा शिक्का मारीत नाही.

अधिकाऱ्यांनी विचारले, हा तुमचाच शिक्का? दत्ताराम म्हणाला, "व्हय सायेब, माझाच." आवाजात थोडा अभिमान होता, हे मला सांगितलेच पाहिजे. मारायला व्यवस्थापकांनी भाग पाडले? नाही. मग कोणी सांगितले होते?

मी त्याचा प्रतिनिधी म्हणून त्याच्या शेजारी बसलो होतो. आमच्या खुर्च्यांत वीतभर अंतर होते. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कोणी नाय," तो म्हणाला. "माझी सवय हाय."

मी उठायला हवे होते. शिक्का हा धंद्याचा पुरावा नसून एका निष्काळजी शिरस्तेदाराच्या सल्ल्याचा पुरावा आहे, असे मी तिथे सांगू शकत होतो आणि ते नोंदले गेले असते. चाळीस वर्षे ज्या दालनांत लोक मला विचारून पाऊल टाकीत, तसल्याच दालनात मला स्वतःची चूक उच्चारता आली नाही. मी कागद चाळीत राहिलो. निर्णय राखून ठेवला गेला.

परत येताना रिक्षात मी त्याला विचारले की तू माझे नाव का घेतले नाहीस. त्याने बाहेर वाकून मागच्या चाकाकडे पाहिले. मग म्हणाला, "तुमी कागद बघितलात म्हणून अकरा वर्सं मी निवांत झोपलो ओ. तां काय कमी हाय? आता तुमचं नाव काढून तुमाना झोप नाय, मना पेन्शन नाय. कशाला दोघांनी जागायचं?" नंतर त्याने विषय बदलला. रिक्षाचे मागचे चाक आवाज करते आहे, असे त्याने चालकाला सांगितले.

पेन्शन नाही म्हणून तो पुन्हा कामाला लागला. नाटे बंदरावर बर्फाच्या कारखान्यात, रोजावर. साठीच्या माणसाने रोज बर्फाच्या लाद्या ओढू नयेत, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो वही लिहीत होता. तिथे वही ठेवायची पद्धत नव्हती, त्याने स्वतःच्या पैशांनी आणली होती. पानांवर शिक्का नव्हता. यंदा होळीनंतर एका सकाळी छातीत कळ आली म्हणून तो पिंपावर टेकला आणि गेला.

मला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन मिळते. मी गेल्यावर ती माझ्या बायकोला मिळेल. त्यासाठी मी दत्तारामपेक्षा अधिक काय केले, याचा विचार करीत मी घरात फिरतो. त्याने अकरा वर्षांत आपल्या शिफ्टमधली एकाही तासाची नोंद चुकवली नाही. मी एक कागद नीट वाचला नाही.

सुनावणीच्या वेळी जे बोललो नाही ते मी आता शपथपत्रावर दिले आहे. शिक्का मारायला मी सांगितले होते. तो मारण्यामागे दुसरे कारण नव्हते. माझी उलटतपासणी घ्यावी, खुशाल घ्यावी. दत्तारामची सेवा दहा वर्षांची ठरली, तर सुलोचनावहिनींना विधवा म्हणून पेन्शन मिळते. म्हणजे प्रकरण त्याच्याबरोबर संपलेले नाही, कोणाला तसे वाटत असेल तर.

कारखान्याचे नाव आणि कार्यालयाचे नाव मी येथे लिहिलेले नाही. ज्यांनी वाचायचे त्यांना ते ठाऊक आहे. अधिकारी महोदय, आपण राखून ठेवलेला निर्णय फाइलमध्ये घालून टपालाने पाठवू नये. तारीख जाहीर करावी, दार उघडे ठेवावे, सुलोचना दत्ताराम मांडवकर यांना समोर खुर्ची द्यावी, आणि त्यांचा नवरा अकरा वर्षे कोणाच्या हुकमाने राबत होता, कोणाच्या हुकमाने गौरीची आरती सोडून आला, याचे उत्तर त्यांना सर्वांसमक्ष, त्यांना कळेल अशा मराठीत, मोठ्याने वाचून दाखवावे.