अण्णा विमा मोडतात

कुणाचे उपकार घ्यायचे म्हटले की माझ्या थोरल्या साडूंइतका भेदरणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा झाला नसेल. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. भवानी पेठेत त्यांचं चादरींचं दुकान होतं, आवाज खणखणीत होता आणि पेठेतल्या पहिलवानालाही ते तोंडावर सुनवायचे. पण कुणी आपण होऊन पाण्याचा पेला पुढे केला की त्यांचा चेहरा पडायचा. पंगतीत वाढपी दिसायच्या आतच ते पानावर दोन्ही हात धरून "साकु, साकु" म्हणायला लागत. घरात कानडी आणि बाजारात मराठी असा त्यांचा कारभार, आणि 'पुरे' अशा अर्थाचा हा एवढाच कानडी शब्द मी त्यांच्याकडून शिकलो. शेजारणीने एकदा वाटीभर शेंगाचटणी दिली. अण्णांनी त्याच वाटीतून खोबरं पाठवलं, तिने लाडू घातले, अण्णांनी चिवडा. शेवटी ती वाटी मुळात कुणाची, यावरच दोन घरांत वाद झाला. एसटीत एका मास्तरांनी उठून जागा दिली तर हे बसेनात आणि ते परत बसेनात. अक्कलकोटपर्यंत दोघं समोरासमोर उभे, मधली जागा रिकामी, आणि कंडक्टर कपाळाला हात लावून बघतोय.

मोटार घेतली तीही याच भीतीपोटी. दुकान बंद करून निघाले की कुणी ना कुणी स्कूटर थांबवून "बसा अण्णा, सोडतो" म्हणायचं. त्या काळी, म्हणजे सत्तरीच्या दशकात, पेठेत लोक मोटार मिरवायला घेत. अण्णांनी एक जुनी मोटार घेतली ती कुणी आपल्याला सोडू नये म्हणून. कायद्याला लागतो म्हणून एजंटाने सांगितला तो सगळा विमा उतरवला आणि विसरून गेले.

एक दिवस मोटार बाजारात उभी असताना ज्वारीच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी मागे सरकली आणि मोटारीच्या तोंडावर येऊन बसली. दिवा फुटला, मडगार्ड चेपलं. गाडीवान हात जोडून खाली उतरला. अण्णा त्यालाच म्हणाले, "चुकलं माझं. आडवी लावली की मी. बैलांना लागलं न्हाई नव्हं?" पुढे विमा एजंटाने मागे लागून क्लेम करायला लावला आणि कंपनीने गॅरेजचं सगळं बिल भागवलं.

अण्णांना अन्न गोड लागेना. शेजारीण असती तर वाटी भरून पाठवली असती, कंपनीला काय पाठवणार? एक जाडजूड चादर घेऊन ते विमा कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने घाईघाईने दार लोटलं आणि म्हणाला, "काका, ती आधी उचला. कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल." तेव्हा अण्णांनी ठरवलं, विमाच मोडायचा.

अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, वैतागली. "अहो, अजून अर्धं वर्ष बाकी आहे त्याचं. भाचीच्या लग्नाला मोटारीनं जाऊ म्हणून मी माहेरी सांगून बसलेय."

"एकदा वाढलं त्यांनी," अण्णा म्हणाले. "पोट भरल्यावर पंगतीत बसून ऱ्हायचं का? उद्या आणि कोण धडकलं तर आणि त्यांनीच वाढायचं?"

मला सोबत घेऊन अण्णा मोटारीनेच कचेरीत गेले. साहेब भांडणाच्या तयारीने खुर्चीत सावरून बसला. "पॉलिसी रद्द होईल, काका. पण मधेच मोडायची आणि वर क्लेमही घेतलेला, म्हणजे उरलेल्या महिन्यांचा हप्ता परत मिळत नाही."

"मिळत न्हाई?"

"नाही."

"म्हणजे कंपनीकडंच ऱ्हातो?"

"नियमच आहे तसा."

अण्णांच्या चेहऱ्यावर नातू झाल्यासारखा आनंद पसरला. "लई चांगला नियम हाय," ते म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. साहेबाने भारावून चहा मागवला, पण तो यायच्या आत आम्ही जिना उतरलो होतो. मागून साहेब खिडकीतून वाकून सांगू लागला, "काका, ती आता चालवता येणार नाही. विमा नाही तिला."

अण्णा किल्ली हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, "घरापर्यंतच तर जायचंय." पण कायदा म्हणजे कायदा. ते तडक बाजारात गेले आणि त्याच गाडीवानाला घेऊन आले. मोटार दोराने बैलगाडीला बांधली. स्टिअरिंगवर मी, आणि अण्णा पुढे गाडीवानाशेजारी, मांडी घालून. अख्खी भवानी पेठ ओट्यांवर येऊन बघत होती.

दारात पोचल्यावर अण्णांनी भाडं पुढे केलं. गाडीवानाने हात मागे घेतले. "न्हाई घेणार. त्या दिशी दुसरा कोण असता तर मला बडवलं असतं. तुमी बैलांची चौकशी केलीत." अण्णांनी आतून चादर आणली, तीही त्याने ओट्यावर ठेवली आणि बैल हाकून निघून गेला. अण्णा त्या चादरीशेजारी ओट्यावर बसले.

लग्नाला आम्ही एसटीने गेलो. अक्का अण्णांना सोडून मागच्या बाकावर जाऊन बसली. मोटार पुढे बार्शीच्या एका डॉक्टरांनी विकत नेली. खूप वर्षांनी, अण्णा थकल्यावर, मी त्यांना डिवचायला विचारलं, "त्या गाडीवानाचं कसं फेडलंत मग?"

मला वाटलं, चिडतील. पण ते "न्हाई फेडलं," म्हणाले. "ते एक ऱ्हाऊ दिलंय तसंच. आठवलं की बरं वाटतं, कुणीतरी आपलं केलं होतं."

मी पान जुळवत होतो. एक विडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, आणि तोंडात ठेवून डोळे मिटले.