जुन्या बाजारातली गॅसबत्ती

फौजेतून सुटून आल्यावर मला एक वाईट खोड लागली होती. काहीही दिसलं की "ही मिलिटरीची" म्हणून ठोकून द्यायचं. घोंगडं बघितलं तरी मिलिटरीचं! धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं, आणि मांडवासाठी मी सांगलीच्या जुन्या बाजारातून एक गॅसबत्ती आणली. टाकीला काळा रंग फासलेला, काच तडकलेली, वरची टोपी भलत्याच बत्तीची, पंप मारला तर नुसता फुसफुसायचा. पण कऱ्हाडाजवळच्या आमच्या गावात मी शिरलो तो मिशीला पीळ देत.

"फौजेची बत्ती हाय ही," मी आईला सांगितलं. "असल्या लय हाताळल्यात म्या."

"पेटू दे तर आदी," आई म्हणाली. "न्हाईतर पावण्यांफुडं हसं व्हायचं."

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, बत्तीकडं एकदा बघितलं आणि बैलांना पाण्यावर घेऊन गेला. मला वाटलं, जळतोय लेकाचा.

काम मात्र मला येत होतं, ते खोटं नाही. पंपातलं चामड्याचं वॉशर वाळून कडक झालं होतं, ते गोड्या तेलात मुरत घातलं. रॉकेल वर चढायचं भोक काजळीनं बुजलं होतं, ते बारीक तारेनं साफ केलं. काच बदलली, मेंटलची नवी जाळी बांधली, हवा भरली, आणि भर दुपारी बत्ती अशी सूं करून पेटली की शेजारपाजारची माणसं अंगणात गोळा झाली. मग काय विचारता, मला आभाळ ठेंगणं झालं. बत्ती विझवली, निवू दिली आणि म्हटलं, "थांबा, टाकीवर फौजेचा शिक्का असंल, त्यो दावतो." रॉकेलचं फडकं आणि विटेची पूड घेऊन मी रंग घासायला बसलो.

खाली पितळ निघालं. शिक्का नव्हता. लग्नात देतात त्या भांड्यांवर असतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. मी ती वाचली, आणि गाढवासारखी मोठ्यानं वाचली. नाव, आडनाव, गाव. गाव आमचंच, आणि नाव आमच्या शाळामास्तरांचं.

अख्ख्या गावात गॅसबत्ती होती ती एकट्या मास्तरांची. लग्न कुणाचंही असो, काकूंकडं, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडं जायचं, बत्ती मागून आणायची. माझी हळद तिच्याच उजेडात लागली होती. मग अठ्ठेचाळीस सालच्या हिवाळ्यात दिल्लीत महात्म्याचा खून झाला. मारणारा बामण, म्हणून आमच्या मुलखात बामणांची घरं लुटली, जाळली. मास्तरांचंही जाळलं, आणि ती दोघं नेसत्या कपड्यांनिशी सांगलीला गेली. मी तेव्हा पलटणीत होतो. परत आलो तर गावात कुणी त्यावर बोलत नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

अंगण हळूहळू रिकामं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा परत आला तेव्हा मी बत्ती त्याच्यापुढं ठेवली.

"वळाकली हुतीस न्हवं?"

तो बैलांची दावी बांधायला वाकला.

"तू हुतास तितं?"

"समदं गाव हुतं."

"तुझं सांग."

"आग न्हाई लावली म्या," दादा म्हणाला. "उभा हुतो. बघत."

आई चुलीपासून उठून दारात आली. "उद्याच्या उद्या देऊन ये जा," ती मला म्हणाली. "लुटीच्या उजेडात माझ्या पोरीवर अक्षता पडायच्या न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीत विचारत विचारत गेलो. एका नातेवाइकाच्या परड्यात मास्तरांनी खोली घेतली होती. मास्तर शिकवणीला गेले होते. काकू तांदूळ निवडत होत्या. मी बत्ती पुढं ठेवली. त्यांनी सूप बाजूला केलं, अक्षरांवरनं बोट फिरवलं, पंप खालीवर करून बघितला.

"वॉशर नवीन घातलंस?"

"न्हाई काकू, तेलात मुरवलं."

"हे कधीचे म्हणत होते, बदलायला झालंय म्हणून."

कुठं सापडली, ते मी सांगितलं. कशासाठी घेतली होती, तेही सांगितलं. काकूंनी बत्ती परत माझ्याकडं सरकवली. "मग आणलीस कशाला? लग्न झालं की आणून दे."

प्रत्येक घराला त्या हेच सांगायच्या, ह्याच शब्दांत. त्यापेक्षा पायातली काढून माझ्या तोंडावर मारली असती तर बरं, असं मला झालं. मान वर होईना.

"काकू, तुमी या लग्नाला. मास्तरांना घिऊन या. मी गाडी घिऊन न्यायला येतो."

"बत्ती ने तू," काकू म्हणाल्या. "आम्ही नाही येणार त्या गावात." आणि सूप पुढं ओढून त्या पुन्हा खडे वेचायला लागल्या.

मी बत्ती घेऊन घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. आई वाटच बघत होती. काय काय झालं ते मी सांगितलं. दादा भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"यायच्या न्हाईत म्हंजे?" आईनं विचारलं.

"न्हाई."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं," ती म्हणाली. "आल्या असत्या तर कुठल्या तोंडानं हळदकुकू लावलं असतं रं म्या त्येस्नी?"