भाऊजींना न दिसणारी माशी

भाऊजी गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला, तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. आदल्या रविवारी महाल भागातल्या त्यांच्या घरी आमची चांगलीच वाजली होती. छातीत दुखतं म्हणून अक्का काळजीत, आणि हे गृहस्थ "गॅस झाला" म्हणत पंख्याखाली निवांत बसलेले. मी म्हटलं, चला, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाले, "सुमन, तू लई घाई करून राहिली." घाई कोणी केली ते सगळ्यांनी पाहिलंच… आता काही आठवडे झालेत आणि लोक त्यांच्याबद्दल गोड गोड बोलतात. बोलू देत. मला मात्र त्यांची आठवण आली की आधी राग येतो, आणि बहुतेक वेळा त्या रागाबरोबर ती बंदूकही येते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. शाळेत भूमिती शिकवायचे. एरवी नाकासमोर चालणारा माणूस. पण उमरेडच्या पुढे त्यांच्या चुलतभावाचं, नामदेवचं, शेत होतं आणि तिथल्या भुईमुगात, ज्वारीत रानडुकरं शिरायची. पीक राखायला म्हणून भाऊजींनी परवाना काढला आणि कामठीच्या एका निवृत्त लष्करी साहेबाकडून परदेशी बंदूक घेतली. पंपाची. म्हणजे नळीखालची मूठ मागे ओढून पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. शनिवारी शाळा सुटली की बंदूक सतरंजीत गुंडाळायची आणि उमरेडची एसटी पकडायची. कंडक्टर विचारायचा, "मास्तर, तंबोरा का?" हे खुशाल "हो" म्हणायचे. गावात त्यांच्या भूमितीचं कोणाला काही पडलेलं नव्हतं, पण 'बंदूकवाले मास्तर आले' म्हटलं की माणसं ओट्यावरून उठून सामोरी यायची. उभ्या आयुष्यात त्यांना एवढा मान दुसरीकडे कुठे मिळाला नाही. शाळेत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या माहेरीही नाही.

सत्तर सालाच्या आगेमागे त्यांनी एक पालुपद सुरू केलं. "माशी दिसून नाही राहिली." अक्काने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "नाही दिसत त बरंच आहे ना. मी सकाळीच फिनाइल टाकलं." मग कळलं की नेम धरायला नळीच्या टोकावर जो बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. आता माशी दिसत नाही म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी दोष दिला तो माशीला. सदर बाजारातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने जुनी काढून पितळेची बसवली. दिसेना. मग पांढरी बसवली. तीही दिसेना. शेवटी अक्काने पानाच्या डब्यातली चुन्याची डबी पुढे सरकवली आणि भाऊजींनी तो चुना माशीला लावला. चुना खरं तर ते आम्हाला लावत होते, पण हे कळायला वेळ लागला.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात दुर्बीण शिरली. बंदुकीवर बसवायची, नेमासाठीची. मिस्त्री बिचारा परोपरीने सांगत होता, "मास्तर, दुर्बीण रायफलीले लावते. तुमची छर्ऱ्याची बंदूक. छर्रे त पसरतेच. हिले दुर्बीण काहून?" पण ऐकतील तर ते भाऊजी कसले. बरं, बसवायची तर सरळ नळीच्या वर बसवावी. तर नाही, डावीकडेच पाहिजे, नळीपासून चांगली बाहेर. का? तर रिकामं काडतूस उजवीकडून उडतं, त्याच्या वाटेत काही नको. वर कागदावर आकृती काढली, कोनांना नावं दिली. भूमितीच्या मास्तरांशी कोनावरून कोण हुज्जत घालणार? मिस्त्रीने कपाळाला हात लावला, बंदुकीच्या कुशीत भोकं पाडली आणि वाकवलेल्या लोखंडी पट्टीवर दुर्बीण कसून दिली. तिथला पत्रा पातळ. दर वेळी बार उडाला की स्क्रू ढिले व्हायचे आणि भाऊजी पुन्हा दुकानात हजर. पुढे पुढे ते येताना दिसले की मिस्त्री मागच्या खोलीत जाऊन बसायचा. स्क्रू हलू नयेत म्हणून भाऊजींनी माझी नखं रंगवायची अख्खी बाटली त्यांच्यावर संपवली. मला न विचारता. त्या बंदुकीवर माझ्या आवडीचा लाल रंग होता, माझ्या नखांवर नव्हता.

त्या वर्षी हुरड्याला आम्ही सगळे नामदेवच्या शेतावर गेलो होतो. ऊन कलायला आलं होतं, पोटं भरली होती, आणि भाऊजींना दुर्बिणीची करामत दाखवायची हुक्की आली. तुपाचा रिकामा डबा बुंध्यावर ठेवला. गावातली माणसंही जमली. बार झाला. डबा जागचा हलला नाही आणि भाऊजी मटकन खाली बसले. बंदुकीने मागे धक्का दिला तशी दुर्बिणीची कड त्यांच्या डाव्या भुवईत घुसली होती. रक्त त्या डोळ्यात उतरत होतं. नामदेव पाण्याचा लोटा घेऊन धावला आणि त्यांच्या पुढ्यातच उकिडवा बसला. भाऊजींचा उजवा डोळा टक्क उघडा होता, सरळ नामदेवच्या तोंडाकडे.

"नामदेव… कुठं गेला गा?" ते म्हणाले.

"दादा, हा काय मी. समोर."

भाऊजींचा हात लोट्याच्या बाजूने चाचपत पुढे गेला. नामदेवने त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर पंजा हलवून पाहिला. पापणी लवली नाही.

"ह्या डोळ्यानं दिसत नाही का, दादा?"

"उजेड दिसते," भाऊजी म्हणाले. कॉपी करताना पकडलेल्या पोराचा आवाज.

म्हणजे माशी बिचारी जागेवरच होती. बंदूक उजव्या खांद्याला आणि नेम डाव्या डोळ्याने, एवढ्यासाठी तो सगळा उपद्व्याप. काडतूस उजवीकडून उडतं म्हणे. माझं डोकं असं फिरलं की जमलेल्या माणसांसमोर मी ओरडले, "भाऊजी, ज्वारीत बाया गवत कापत असतात. कोणाले लागलं असतं म्हणजे?"

"लागू नये म्हणूनच त दुर्बीण बसवली ना."

"मग सांगायचं होतं."

"सांगितलं असतं त बोलावलं असतं का यांनी मले?"

अक्का पदर ओला करून त्यांची भुवई पुसत होती. एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, धसका घेतला हिने.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा हातचा गेला होता, डाव्यासाठी रोज थेंब घालायचे ठरले. नामदेवने काडतुसं काढून घेतली. पण शनिवारी बोलावणं थांबवलं नाही, ही त्याची माणुसकी. भाऊजी रिकामी बंदूक घेऊन मचाणावर बसायचे, दुर्बिणीतून रानावर नजर ठेवायचे आणि "आले गा" म्हणून ओरडायचे. मग नामदेव डबा बडवायचा. डुकरं तेवढ्यानेही पळायची. मग आधीच डबा का नाही बडवला, असं मी एकदा विचारलं, तर दोघंही माझ्यावर रुसले.

मालक गेला की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परवा अक्का आणि मी ती घेऊन गेलो. हवालदाराने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "दुर्बीण अशी बाजूले काहून?" मी सगळी कथा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का म्हणाली, "त्यायले तशीच लागत होती." त्याने वहीत नोंद करून पावती फाडली.

घरी आल्यावर अक्काने चहा केला आणि माझा कप माझ्या डाव्या हाताशी ठेवला. मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "अक्का, उजवीकडे ठेव ना."

"हाताले सवय झाली वं. उजवीकडचा त्यांच्यानं सांडत होता."

"डॉक्टरांनी सांगितल्यापासून का?"

"नाही… त्याच्या लई आधीपासून. दुर्बीण नव्हती तेव्हापासून."

म्हणजे चुन्याची डबी तिने त्यांच्यापुढे सरकवली ती सगळं माहीत असून.

"मग बोलली काहून नाहीस त्यांना?"

अक्काने कप उचलून माझ्या उजव्या हाताशी ठेवला आणि म्हणाली, "त्यांनी मले सांगितलं कुठं होतं?"